मंगलचं वळणारं विश्व

मी आयुष्यभर विश्वं तयार केली. परळीत बसून, पंख्याखाली, पाठकोऱ्या कागदांवर. एक कायम पसरत जाणारं, एक पसरून पसरून दमणारं, एक आधी भरभर आणि मग सावकाश, एक नेमकं त्याच्या उलट. त्यातलं एखादं तरी खरं असेल असं वाटायचं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, बाबा रे, तसं वाटून घ्यायचं नसतं. शिंपी रोज शर्ट शिवतो, पण प्रत्येक शर्ट स्वतः घालून बघत नाही.

नोकरी गणिताच्या प्राध्यापकाची. सकाळी पोरांना कलन, म्हणजे कॅल्क्युलस, शिकवायचं, दुपारी मीटिंगा, आणि उरेल तेवढ्या वेळात संशोधन. आमच्या मराठवाड्यातल्या गणिताच्या मास्तरांना विश्वरचनाशास्त्राचं लई वेड. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. कारण मात्र अगदी घरगुती आहे. याला दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही आणि लाइट गेली म्हणून काम अडत नाही. गावाला एवढं थोरलं वीज केंद्र असून आमच्या गल्लीत लाइट जायचीच, त्यामुळे हा धंदा मला फार मानवला. पेन्सिलीला टोक केलं की माणूस थेट विश्वाच्या आरंभाला जाऊन बसतो.

पंचाईत व्हायची ती लोकांना सांगताना. सर विश्वावर संशोधन करतात असं कळलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पत्रिका घेऊन दारात उभा. "साडेसाती कवा संपंल तेवढं सांगा, सर." मी नाही म्हटलं की त्यांना वाटायचं, सरांना शिष्टपणा आलाय. देवळाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान चालवणारे एक अप्पा होते. ते पत्रिका आणायचे नाहीत, पण मी दुकानावरून निघालो की अडवून प्रश्न विचारायचे.

"सर, विश्व पसरतंय म्हंता तुमी. मग त्येचा मधोमध कुठं हाय?"

"मधोमध असं काही नसतं, अप्पा. तुम्ही जिथं उभं राहाल तिथून बाकीचं सगळं लांब लांब जाताना दिसतं."

"म्हंजी परळीतून बगितलं तर परळीच मधी?"

"तसं समजा."

अप्पांचा चेहरा उजळला. जरा विचार करून ते म्हणाले, "आन् घाटनांदुरातून बगितलं तर?"

"तर घाटनांदूर."

"मग ह्येला काय अर्थ हाय, सर," असं म्हणून ते वाती मोजायला लागले. पुढे आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

माझा खरा विषय होता अदिश क्षेत्र. नावाला घाबरू नका. मे महिन्यातली परळीची दुपार डोळ्यांपुढे आणा. वीज केंद्राच्या भिंतीपाशी एक तापमान, देवळाच्या पायऱ्यांवर दुसरं, स्टेशनच्या पत्र्याखाली तिसरं, लिंबाखाली चौथं. गावातल्या कुठल्याही ठिकाणी बोट ठेवा, तिथं एक आकडा आहे. नुसता आकडा, त्याला दिशा नाही. वाऱ्याला दिशा असते, तो कुठून तरी कुठं तरी जातो. तापमान कुठं जात नाही, ते आपल्या जागी असतं. असा ठिकाणोठिकाणी पसरलेला, दिशा नसलेला आकडा म्हणजे अदिश क्षेत्र. झालं, एवढंच.

आता असाच एखादा आकडा सगळ्या विश्वात भरलेला आहे असं धरा. तो तापमानाचा नाही, दुसऱ्याच कशाचा तरी. आपल्याला त्याचं नावही माहीत नाही. तुमच्या खोलीत तोच, चंद्रापाशी तोच, अगदी पल्याडच्या दीर्घिकेतही जवळपास तोच. आणि त्या आकड्यात ऊर्जा आहे. आता गंमत बघा. साधं द्रव्य, म्हणजे दगडमाती, वायू, तारे, हे विश्व पसरलं की विरळ होतं. नारायणगडाच्या जत्रेत पंगत वाढली की आमटीत पाणी ओतत जातात, तसं. पण हे क्षेत्र जोवर जागचं हलत नाही तोवर त्याची ऊर्जा पातळ होत नाही. कितीही माणसं येऊ देत, आमटी तेवढीच दाट. मग आइनस्टाइनची समीकरणं म्हणतात की असं असेल तर विश्व नुसतं पसरणार नाही, पसरण्याचा जोर वाढत जाईल.

क्षेत्र मात्र एका जागी कायम बसत नाही. त्यालाही उतार असतो आणि ते उतारावरून खाली यायला बघतं. तेव्हा त्याला ब्रेक लावतो तो विश्वाचा विस्तारच. भरलेला उसाचा ट्रॅक्टर घाट उतरताना ड्रायव्हर जसा पहिल्या गिअरमध्ये, दमादमानं आणतो, तसं ते क्षेत्र उतरतं. सावकाश उतरलं तर विश्व झपाट्यानं फुगतं. तळाशी पोचलं की हेलकावे खातं, त्याच्या ऊर्जेतून कण आणि उष्णता जन्माला येतात आणि फुगणं थांबतं. विश्वाच्या अगदी सुरुवातीला असं झालं असावं असा बऱ्याच जणांचा कयास आहे. आज विश्वाचा विस्तार पुन्हा जोर धरतोय, त्यामागेही असलंच एखादं आळशी क्षेत्र असेल, नसेलही. नक्की कुणालाच माहीत नाही, आणि मला तर ते माहीत नसणंच फार आवडायचं.

संध्याकाळी मी गच्चीवर बसायचो. वीज केंद्राच्या थोरल्या मनोऱ्यांतून पांढरी वाफ निघायची, वर जाता जाता पसरायची, पातळ व्हायची आणि कुठं संपली ते कळायचंच नाही. बघता बघता माझं भान सुटायचं. गच्ची, कठडा, कठड्यावर साचलेली कोळशाची राख, त्या राखेतून बोटानं ओढलेली माझी रेघ, हे सगळं एका अफाट, मुक्या आकड्यात बुडालेलं आहे आणि तो आकडा अगदी सावकाश, कुणाला कळणार नाही इतका सावकाश खाली उतरतो आहे असं वाटायचं. आपणही त्याच्याबरोबर उतरतोय. त्यात भीती नव्हती. उलट इतकं बरं वाटायचं की खालून बायकोनं दोनदा हाक मारली तरी ओ द्यायला जिवावर यायचं. ती वर येऊन म्हणायची, "आलात का परत?" मी म्हणायचो, "आलो." खरं तर अर्धाच आलेला असायचो.

आता आमच्या धंद्यातली एक वहिवाट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरळ रीत अशी की आधी क्षेत्र घ्यावं, त्याचा उतार ठरवावा आणि मग विश्व कसं पसरतं ते समीकरणं सोडवून काढावं. पण ती समीकरणं महाखट, हाताला लागत नाहीत. म्हणून आमच्याकडे उलट्या बाजूनं जातात. विश्व कसं पसरायला हवं ते आधीच आपल्या मर्जीनं ठरवायचं आणि मग मागे मागे जात, असं पसरायला क्षेत्र कसं असावं लागेल ते काढायचं. आधी शर्ट शिवायचा आणि मग तो कुणाला बसतो ते गावभर हिंडून बघायचं. यात गैर काही नाही. फक्त शेवटी एक गोष्ट तपासावी लागते, की तो शर्ट बसणारा माणूस अस्तित्वात तरी आहे का. आणि या शेवटच्या गोष्टीचा आमच्या लोकांना भारी कंटाळा.

मंगल माझी पीएच.डी.ची शेवटची विद्यार्थिनी. घाटनांदूरची सून. सासरे विश्वनाथअप्पा, त्यांचं गावात किराणा आणि बी-बियाण्याचं दुकान, थोडी शेती. नवरा महादेव, दुकानात बापाच्या हाताखाली. मंगल आमच्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास घ्यायचे तेवढाच पगार आणि उन्हाळ्यात घरी बसायचं. अशी कितीतरी वर्षं गेली होती तिची. मी निवृत्त झालो तशी माझी जागा रिकामी झाली आणि पुढे ती भरायची परवानगी आली. मंगलचा प्रबंध मंजूर झाला तर त्या जागेवर तिचाच हक्क धरला जाणार होता. नाही झाला, तर जागा जाणार आणि अशी जागा आमच्याकडे पुन्हा कधी निघेल हे सांगणं विश्वाचा शेवट सांगण्यापेक्षा अवघड. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि घाटनांदुरात तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तिनं निवडलेलं विश्व सगळ्यांहून वेगळं होतं. पोरं सहसा आरंभापासून पसरणारं विश्व घेतात. मंगलचं विश्व आधी आकसत येत होतं, आकसत आकसत एका क्षणी थांबत होतं आणि मग वळून पुन्हा पसरत होतं. त्याला आरंभ नव्हता. मी विचारलं, "हेच विश्व कावून घेतलंस?"

"सर, कुठंतरी एकदम सुरू झालं, हे मला पटतच न्हाई बघा. त्याच्या आधी काय, ह्यानं डोकं उठतं. ह्यात तसं न्हाई. आलं, थांबलं, वळलं. मला तो वळायचा क्षण लई आवडतो."

"आवडतो म्हणून विश्व वळत नसतं, मंगल."

"म्हणून तर गणित करायलेय न्हवं," असं म्हणून ती हसली.

तीन प्रकरणं झाली, चौथं झालं, निबंध छापून आले, प्रबंध बांधून विद्यापीठात गेला, मौखिक परीक्षेची तारीख ठरली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, ती घाटनांदूरहून रेल्वेनं आली. लॅपटॉप छातीशी धरलेला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

झालं होतं असं. प्रबंधातले सगळे आलेख वळणानंतरच्या पसरणाऱ्या विश्वाचे होते. आमच्याकडे तसंच करतात, टमाटेवाला चांगले टमाटे वर लावतो तसं. त्या भागात सगळं नीट होतं. पण मंगलला परीक्षकांपुढे वळायचा क्षण दाखवायचा होता, तो तिचा लाडका. म्हणून तिनं वळणाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्हीकडचा आलेख काढायला घेतला. आणि कॉम्प्युटर तिथं रेघच ओढेना. दोन्ही बाजूंनी रेघ यायची आणि मधे कोरी जागा.

"मला वाटलं प्रोग्राम बिघडला," ती म्हणाली. "मग हातानं काढून बघितलं. सर, तिथं क्षेत्राच्या वेगाचा वर्ग ऋण येतोय."

वाचकहो, कुठलीही संख्या घ्या, धन घ्या नाहीतर ऋण, तिला तिनंच गुणलं की उत्तर ऋण येत नाही. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. वेगाचा वर्ग ऋण आला म्हणजे असा वेग असणारं क्षेत्र नाहीच. शर्ट शिवून तयार आणि तो घालणारा माणूस जगात जन्मलेलाच नाही. बरं, तेही नेमकं त्या वळणावर. सपाट विश्वात साध्या क्षेत्राच्या अंगात आकसणाऱ्या विश्वाला उलट फिरवायची ताकदच नसते. तिच्या साऱ्या प्रबंधाचा जीव त्या वळणात होता.

आम्ही दुपारभर झटलो. दारं लोटून घेतली, बायकोनं दोनदा चहा केला तो तसाच निवला. एक पळवाट होती. ऊर्जेचं चिन्ह उलटं घेतलं की वर्ग धन होतो. आमच्या धंद्यात त्या प्रकाराला भुताचं क्षेत्र म्हणतात आणि त्यावर ढिगानं निबंध निघतात. मंगलनं ते कागदावर मांडलं, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि कागद बाजूला सारला. "ह्यानं विश्व वळतं, पण ते टिकत न्हाई, सर. ह्या क्षेत्राची ऊर्जा कितीबी खाली जाऊ शकते. त्याला तळच न्हाई."

दुसरी वाट खरी होती. विश्व सपाट न धरता थोडं वाकलेलं धरायचं, चेंडूच्या पृष्ठभागासारखं आपल्याशीच मिटलेलं. तसं केलं तर साधं क्षेत्रही त्याला वळवू शकतं. पण मग सगळं गणित पहिल्यापासून. ते काम वर्षाच्या खाली होणारं नव्हतं आणि परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

"कुणाच्या ध्यानात येईल का हो, सर?" तिनं विचारलं.

"बहुधा नाही."

तिनं लॅपटॉप मिटला. तिला काय सांगावं हे मला खरंच कळत नव्हतं. गप्प बसलीस तर जागा मिळेल, हेही खरं होतं. एवढी वर्षं तासांवर राबलेल्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं की त्या ऋण चिन्हासाठी घरी बस? मला तिची माया होती. जागा तिलाच मिळावी असं मला जिवापासून वाटत होतं आणि त्याच वेळी त्या कोऱ्या जागेकडे बघवत नव्हतं. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना पाया पडली, पण काय ठरवलं ते बोलली नाही.

परीक्षेच्या दिवशी महादेव पेढे, फरसाण आणि हार घेऊन हजर. दुकानाच्या टेम्पोतून भाऊबंदही आलेले. बाहेरचे परीक्षक वयस्क, शांत गृहस्थ होते. मंगलनं गुलाबी काठाची साडी नेसली होती. पहिली तीन प्रकरणं तिनं छान मांडली. मग वळायच्या क्षणाची ती स्लाइड पडद्यावर आली आणि तिच्यात मधली जागा कोरीच होती.

"सर," ती परीक्षकांना म्हणाली, "माझं विश्व इथं वळतं असं प्रबंधात लिहिलंय. ते चूक आहे. इथं क्षेत्रच अस्तित्वात नाही." आणि तिनं फळ्यावर सगळं करून दाखवलं. खडू कुठंही अडला नाही. मागच्या बाकांवरच्या भाऊबंदांना वाटलं, सूनबाई काहीतरी फार भारी सिद्ध करायलीय. एकानं टाळीही वाजवली.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला. "मला हे वाचतानाच दिसलं होतं," ते म्हणाले. "विचारावं की नाही, ते ठरत नव्हतं. आता तुम्हीच बोललात, तर मला सही करता येणार नाही, बाई. दुरुस्त करून पुन्हा द्या."

पुढचं थोडक्यात सांगतो. जागा गेली. दुसऱ्या एका मुलाला मिळाली, पोरगा हुशार आहे, त्याचा काही दोष नाही. मंगलनं वाकलेलं विश्व घेऊन सगळं नव्यानं केलं आणि वळणाचं खरं गणित काढलं. विश्व आकसत असतं तेव्हा विस्ताराचा तो ब्रेक उलटा होतो, क्षेत्राला धक्का देतो, ते पळतच सुटतं. आणि वळायचं असेल तर नेमकं त्या क्षणी क्षेत्र जवळजवळ निजल्यासारखं शांत असावं लागतं. असं फार क्वचित जमतं. बहुतेक विश्वं वळत नाहीत, आकसतात ती आकसतातच. तिचा लाडका क्षण खरा होता, पण किती दुर्मिळ, हे तिचं तिलाच लिहावं लागलं. आता प्रबंध मंजूर झालाय. ती अजून तासांवरच शिकवते. मला याचं वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं कमी होत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या परीक्षेच्या संध्याकाळचं. सत्काराचा कार्यक्रम घाटनांदुरात आधीच ठरलेला, माझीही शाल त्यात होती. मी नको म्हटलं तर महादेव म्हणाला, "सर, तुमी चला. तिला एकटीला न्यायचं म्हंजी..." मग मीही टेम्पोत बसलो. पेढ्यांचे डबे मंगलच्या पायापाशी तसेच, हार माझ्या हातात.

गावाच्या स्टँडवर टेम्पो वळला आणि समोर फ्लेक्स. चांगला दोन माणसं उंच. वर पुढाऱ्यांचे हसरे फोटो, मधे मंगलचा लग्नातला फोटो कापून लावलेला आणि खाली सोनेरी अक्षरांत, 'डॉ. सौ. मंगलताई यांचे हार्दिक अभिनंदन.' निकालाआधीच लावून मोकळे झालेले. आमच्या जिल्ह्यात ही रीतच आहे, निकालासाठी फ्लेक्स कुणी अडवून धरत नाही. मंगलनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला. दिवसभरात पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

फ्लेक्सखाली विश्वनाथअप्पा फेटा बांधून उभे होते. महादेवनं फोनवर सगळं कळवलं होतं. भोवती गावकरी जमलेले. शेवटी एक तरुण शिडी घेऊन पुढं झाला. "काढू का, अप्पा?"

अप्पांनी एकदा सुनेकडं बघितलं, मग फ्लेक्सकडं.

"डॉक्टर तेवढं झाक," ते म्हणाले. "कागद चिटकव त्येच्यावर."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं राहू दे की," अप्पा म्हणाले आणि माझ्या हातातला हार घेऊन सुनेपाशी गेले.